आवाज येतो, चित्र नाही: नवा टीव्ही घेण्याआधी एकदा बॅटरी मारून बघा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. गुहागरजवळच्या गावी आई-वडील दोघंच राहतात. चार वर्षांपूर्वी घेतलेला 43 इंची टीव्ही आता नुसता बोलतो, दिसत काही नाही. मेकॅनिक येऊन ‘पॅनल गेलं, 16 हजार होतील’ म्हणून सांगून गेला. तुमच्या हातात 25 हजार आहेत. तेवढ्याच पैशात ऑनलाइन सेलमध्ये 55 इंची मिळतोय, पण त्या कंपनीचं नाव तुम्ही कधी ऐकलेलं नाही. आणि विचारलंय एवढंच, की कमी पैशात टिकणारा ब्रँड कोणता.

मी 1996 पासून चिपळुणात टीव्ही दुरुस्त करतोय. पिक्चर ट्यूबच्या डब्यापासून सुरुवात केली, आता भिंतीवरच्या पाट्या उतरवतो. ब्रँडचं नाव मी तुम्हाला सांगणार नाही, आणि त्याचं कारण पुढे येईलच. आधी दुसरंच विचारतो: हा टीव्ही चार वर्षांत गेला तो कशामुळे? ते न शोधता त्याच खिळ्यावर, त्याच प्लगला नवा टीव्ही लावलात तर तोही त्याच वाटेने जाईल. दुसरं म्हणजे तुम्ही पुण्यात. टीव्ही बंद पडला की वडिलांच्या पडवीत हत्यारं घेऊन कोण येणार, हे खरेदीच्या आधीच ठरलेलं असायला हवं. कोकणातल्या गावात ‘टिकाऊ’ या शब्दाचा अर्थ निम्मा तरी तोच आहे.

आता जुन्या टीव्हीकडे वळू. वडिलांना आज रात्रीच एक काम सांगा. घरातले दिवे घालवायचे, टीव्ही सुरू करायचा, आवाज यायला लागला की मोबाईलची बॅटरी, म्हणजे टॉर्च, काचेच्या अगदी जवळ धरून तिरकी मारायची आणि एकेक कोपरा बघायचा. उजेड पडतो तेवढ्या भागात पुसट, धुक्यातल्यासारखं चित्र हलताना दिसलं, तर तुमचं पॅनल, म्हणजे चित्र उमटवणारी काच, शाबूत आहे. गेलाय तो मागचा उजेड.

एलईडी टीव्ही म्हणतात खरं, पण आतली काच एलसीडीचीच असते. ती चित्र उमटवते, स्वतः उजळत नाही. तिच्यामागे छोट्या एलईडींच्या पट्ट्या असतात, त्यांचा उजेड काचेतून आरपार येतो म्हणून आपल्याला दिसतं. या एलईडी दिवाळीच्या माळेसारख्या एकामागोमाग जोडलेल्या. त्यातली एक उडाली की माळ तुटते, बोर्डाला ते कळतं आणि तो सगळा उजेड बंद करून टाकतो. म्हणजे गेलेली असते एक एलईडी आणि काळाकुट्ट होतो अख्खा टीव्ही. वडिलांना हेही विचारा, की सुरू करताना क्षणभर चित्र येऊन मग अंधार होतो का? पूर्णपणे जायच्या आधी काही दिवस तसं होत होतं का? उत्तर हो असेल तर माझा अंदाज जवळजवळ पक्का.

या पट्ट्यांचा सेट बदलायला 43 इंचीला माझ्याकडे मजुरी धरून अडीच ते साडेतीन हजार पडतात. गावानुसार आणि मॉडेलनुसार मागेपुढे होईल, पण सोळा हजार होत नाहीत. तुमच्या मेकॅनिकने फसवलं असं मी म्हणत नाही. पट्ट्या बदलायला पॅनलची काच उचलून बाजूला ठेवावी लागते. ती उघडी काच इतकी पातळ असते की एका कोपऱ्याने उचलली तर तडा जातो. कडेला चिकटलेल्या रिबनला, म्हणजे पातळ चपट्या वायरला, धक्का लागला तर उभ्या रेघा येतात, त्या जात नाहीत. माझ्या हातून दोन फुटल्यात, दोन्हींचे पैसे मी भरलेत. म्हणून बरेच जण हे काम घ्यायलाच नको म्हणून ‘पॅनल गेलं’ सांगून मोकळे होतात. तुम्ही दुकानात देण्याआधी एकच प्रश्न विचारा: काच फुटली तर कोणाची? उत्तर देताना जो चाचरतो त्याच्याकडे टीव्ही ठेवू नका. आणि घरी कोणी मागचं झाकण उघडायला जाऊ नका. प्लग काढल्यावरही पॉवर बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास साठलेले असू शकतात.

बॅटरी मारून काहीच दिसलं नाही, तर मात्र दोन-तीन शक्यता उरतात आणि त्या उघडून बघितल्याशिवाय सांगता येत नाहीत. पडद्यावर उभ्या रेघा, अर्धा पडदा पांढरट, किंवा आतून फुटल्यासारखी शाईची नक्षी असेल तर पॅनलच गेलंय. तिथे पैसे घालू नका. पॅनलची किंमत नव्या टीव्हीच्या इतकी जवळ जाते की दुरुस्तीला अर्थ राहत नाही, आणि बाहेरून आणलेल्या पॅनलची हमी कोणी धड देत नाही. लाल दिवा लुकलुकतो पण टीव्ही सुरूच होत नाही, तो बहुधा पॉवर बोर्ड, स्वस्तातलं काम. कंपनीचं नाव येतं, जातं, परत येतं आणि पुढे सरकत नाही, तो मदरबोर्ड, म्हणजे टीव्हीचा मुख्य बोर्ड. त्यावरची मेमरी चीप थकलेली असते. हे काम होतं, पण बोर्ड मिळण्यावर अवलंबून आहे. तुमच्याकडे आवाज येतोय, चॅनेल बदलतात, म्हणजे हे दोन्ही बोर्ड बऱ्यापैकी ठीक असणार.

आता कारणाकडे. पट्ट्या चार वर्षांत का जातात? टीव्ही दुकानातून येतो तो दुकानात चमकावा अशा सेटिंगवर: ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’, बॅकलाईट शंभरावर. घरी कोणी ते बदलत नाही. एलईडीत जेवढा जास्त करंट तेवढी जास्त उष्णता, आणि उष्णताच तिला मारते. माझ्याकडे पट्ट्या बदललेला प्रत्येक टीव्ही मी बॅकलाईट साठ-सत्तरवर आणून परत देतो, आणि जमेल तिथे ड्रायव्हरचा, म्हणजे पट्ट्यांना वीज पुरवणाऱ्या सर्किटचा, करंटही थोडा उतरवतो. गिऱ्हाईक पहिल्या दिवशी म्हणतं ‘जरा काळपट वाटतोय’, दोन दिवसांनी विसरतं. इथे एक गफलत होते. मेनूमध्ये ‘ब्राइटनेस’ नावाचं जे बटण असतं ते बहुतेक टीव्हींत काळा रंग किती काळा दिसावा ते ठरवतं, त्याचा या उजेडाशी संबंध नसतो. तुम्हाला ‘बॅकलाईट’ कमी करायचाय. काही कंपन्या त्यालाच ‘पिक्चर ब्राइटनेस’ किंवा ‘पॅनल ल्युमिनन्स’ असं काहीतरी म्हणतात, म्हणून फिरवून बघा. ज्याने सगळा पडदा एकसारखा मंद होतो ते तुमचं बटण. नव्या टीव्हीला हे पहिल्याच दिवशी करायचं.

आता धरून चालू की पॅनलच गेलंय आणि नवा घ्यायचाच आहे.

55 इंची आधी डोक्यातून काढा. तुम्ही लिहिलंय की खाटेपासून भिंत आठ-नऊ फुटांवर, आणि दोघं डिशवर बातम्या आणि मालिका बघतात. नेट आहे पण रडतखडत. डिशवरचे बरेच चॅनेल आजही साध्या एसडी प्रतीचे. ते चित्र 55 इंचांवर ताणलं की बातमीदाराचा चेहरा मेणासारखा दिसतो, खालची पट्टी फुटते, आणि आई म्हणणार ‘आधीचाच बरा होता’. तोच सिग्नल 43 वर नेटका दिसतो. तसंच एका किमतीत बारा इंच जास्त मिळतात तेव्हा ते कुठून तरी कापलेले असतात. पट्ट्या कमी, त्यांच्यावर करंट जास्त, पॉवर बोर्ड किरकोळ, आवाज पत्र्याच्या डब्यातला. मी असे उघडतो म्हणून सांगतोय. मोठी काच आणि आत हाताच्या पंजाएवढा एकच बोर्ड, पॉवर आणि मदरबोर्ड सगळं त्याच्यावर. एक भाग गेला की सगळा बोर्ड बदला, आणि त्या मॉडेलचा बोर्ड दोन वर्षांनी कुठे मिळतच नाही.

32 इंचीचा विचार केलाय का? वडिलांचा मोतीबिंदू झालाय म्हणालात म्हणून मी जोर करत नाही. पण पैसे खरंच कमी पडले तर नामांकित कंपनीचा 32 इंची हा निनावी 55 पेक्षा कधीही चांगला. पूर्वी 32 वरच्या टीव्हींना 28 टक्के जीएसटी होता आणि 32 पर्यंतच्यांना 18, म्हणून लहान टीव्ही फार स्वस्त वाटायचा. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्यांनाही 18 टक्केच लागतो. त्यामुळे 43 तुमच्या बजेटमध्ये बसतो. फुल एचडी मिळाला तरी चालेल, फोर-के साठी अडून बसू नका. आठ फुटांवरून 43 इंचांवर एसडी चॅनेल बघताना तुम्हाला, मला आणि आईला काही फरक कळणार नाही. ‘एचडीआर’ लिहिलेलं असतं त्याकडेही या किमतीत दुर्लक्ष करा. त्याला जेवढा उजेड लागतो तेवढा या पॅनलात नसतो.

पॅनलचे दोन प्रकार मात्र समजून घ्या. एकाला व्हीए म्हणतात. काळा रंग गडद, समोरून छान, बाजूला सरकलं की रंग धुतल्यासारखे होतात. दुसरं आयपीएस. काळा थोडा राखाडी, पण कुठूनही बघा तेच दिसतं. तुमची आई स्वयंपाकघराच्या दारात बसून भाजी निवडता निवडता मालिका बघते असं तुम्ही सहज लिहून गेलात. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातली ती सगळ्यात कामाची ओळ. दुकानात गेलात की समोर उभं न राहता टीव्हीच्या अगदी बाजूला, दाराच्या कोनात जाऊन उभे रहा आणि माणसांच्या चेहऱ्याचा रंग बघा. खोक्यावर हे छापलेलं नसतं, आणि एकाच मॉडेलमध्ये कधी या कारखान्याचं तर कधी त्या कारखान्याचं पॅनल येतं.

ब्रँडचं नाव न घेण्याचं कारणही हेच. जगातली बहुतेक एलसीडी पॅनलं आता चीनमधल्या मोजक्या कारखान्यांतून येतात. सॅमसंगने स्वतःचं एलसीडी पॅनलांचं उत्पादन 2022 मध्ये थांबवलं, एलजीने ग्वांगझूचा मोठा एलसीडी कारखाना टीसीएलच्या कंपनीला विकला. तेव्हा बाहेरचं नाव कोणतंही असो, आतली काच तिसऱ्याचीच असू शकते. काही जुनी परदेशी नावं तर नुसत्या परवान्यावर चालतात. कोडॅक आणि थॉमसन या नावांचे टीव्ही इथे भारतीय कंपनी बनवून विकते. त्यात वाईट काही नाही, फक्त आजोबांच्या कॅमेऱ्यावर होतं ते नाव बघून विश्वास टाकू नका. ब्रँडकडून आपण खरं विकत घेतो ती पॉवर बोर्डाची प्रत आणि नंतरची सर्व्हिस. पहिली गोष्ट बाहेरून दिसत नाही, दुसरी फोनवर तपासता येते.

ती अशी तपासा. आवडलेल्या दोन-तीन कंपन्यांच्या टोल-फ्री नंबरवर खरेदीच्या आधी फोन लावा. गावाचा पिन कोड सांगा आणि विचारा: तक्रार नोंदवली तर माणूस घरी येतो की टीव्ही चिपळूणला न्यावा लागतो? येणाऱ्या माणसाचं सेंटर कुठलं? 43 इंची टीव्ही एसटीत घालून नेता येत नाही, रिक्षा टेम्पोचा खर्च आणि खड्ड्यांत काच फुटायची भीती वेगळी. मग इथल्या कुठल्याही दुरुस्तीवाल्याला विचारा, की या कंपनीचे बोर्ड मिळतात का. आम्हा लोकांना हे तोंडपाठ असतं. एखादी कंपनी पुण्यात उत्तम असेल आणि गुहागर तालुक्यात तिचा माणूस महिना महिना फिरकत नसेल, असं मी बघितलंय. माझं मत मागाल तर ऑनलाइन पाचशे-हजार वाचले तरी तुमच्या बाबतीत चिपळूण-गुहागरच्या दुकानातून घ्या. दुकानदार वडिलांना ओळखतो, फोन उचलतो, आणि पहिल्या आठवड्यात काही निघालं तर टीव्ही बदलून द्यायला त्याच्या दारात उभं राहता येतं.

वॉरंटी बहुतेक एक वर्षाची, काही कंपन्या पॅनलवर आणखी एक वर्ष देतात. काउंटरवर विकली जाणारी वाढीव वॉरंटी कंपनीची स्वतःची असेल तर घ्या, तिसऱ्याच कोणाची असेल तर मी तरी घेत नाही. वीज पडून किंवा व्होल्टेज वाढून जळालेलं त्यात धरतात का, ही ओळ शोधून वाचा. आमच्याकडे टीव्ही मरतात ते त्यानेच.

डिलिव्हरी आली की खोकं फोडताना मोबाईलवर व्हिडिओ काढा. खोक्यावर उत्पादनाचा महिना-वर्ष असतो, तो दीड-दोन वर्षं जुना असेल तर बदलून मागा. बिलावरचा आणि टीव्हीमागचा सिरियल नंबर जुळतोय का बघा. मागे बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह आणि ‘आर’ ने सुरू होणारा नोंदणी नंबर असतो, तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकला की खरा की खोटा ते कळतं. मग यूट्यूबवरून सबंध पांढरा, लाल आणि काळा पडदा लावून डाग, मेलेले ठिपके शोधायचे. हे पहिल्या दिवशी दाखवलं तर ऐकून घेतात, दहाव्या दिवशी नाही. आणि पुढे कंपनी दादच देत नाही असं झालं तर 1915 हा ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे. 2019 च्या ग्राहक कायद्याने तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते, कंपनी कुठेही असो.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, ते टीव्हीच्या बाहेरचं. 25 हजारांतले दोन-तीन हजार मी टीव्हीवर घालूच देणार नाही.

टीव्हीच्या मागच्या लेबलवर बहुतेक 100 ते 240 व्होल्ट लिहिलेलं असतं. म्हणजे लाईट मंद झाली तर टीव्हीला काही होत नाही. मारतं ते जास्तीचं व्होल्टेज. वादळात फांदी पडून खांबावरचा न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, तुटला की सिंगल फेज घरात 230 च्या जागी साडेतीनशे-चारशेपर्यंत व्होल्ट येऊ शकतात. त्या रात्री वाडीतले पंखे, फ्रिज, टीव्ही एकदम जातात आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानापुढे रांग लागते. म्हणून स्टॅबिलायझर घ्यायचा तो ‘हाय व्होल्टेज कट-ऑफ’वाला. स्पाइक गार्ड म्हणून जी दोन-तीनशेची पट्टी मिळते ती बरेचदा नुसता एक्स्टेंशन बोर्ड असतो.

अर्थिंग वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्या. आपल्याकडच्या जांभ्यात अर्थिंग मुळात कमजोर, आणि उन्हाळ्यात खड्डा सुकला की नसल्यातच जमा. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतायचं. वडील माडांना पाणी घालतातच, त्यातच हे.

आणि वीज. मे महिन्यात आणि पाऊस परतताना गडगडायला लागलं की लोक टीव्हीचा प्लग काढतात, पण डिशची वायर तशीच ठेवतात. छपरावरची डिश, तिथून वायर सेट टॉप बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआय टीव्हीत. वीज जवळ कुठे पडली तरी झटका त्या वाटेने येतो. बॉक्स जातो आणि टीव्हीचे एचडीएमआय पोर्टही जातात, कधी मदरबोर्ड पूर्ण. बॉक्सच्या मागची डिशची वायर फिरवून काढायला वडिलांना शिकवा. मी गिऱ्हाइकांना तिच्यावर लाल टेप गुंडाळून देतो, म्हणजे अंधारातही कळतं.

जागेबद्दल दोन शब्द. पश्चिमेच्या भिंतीवर पावसाचा मारा असतो, ओल आत येते, तिथे टीव्ही नको. समुद्राजवळ बोर्डावर हिरवा गंज चढतो, त्याला औषध नाही. पण पावसाळ्यात रोज अर्धा तास तरी टीव्ही लावला तर आतली दमट हवा निघते. तुम्ही आई-वडिलांना पावसात दोन महिने पुण्याला नेत असाल तर शेजाऱ्यांना किल्ली देऊन जा. टीव्हीच्या वरच ट्यूबलाईट असेल तर ती हलवा. उजेडाला किडे, किड्यांना पाली, आणि पालीला ऊब लागते म्हणून ती टीव्हीत शिरते. पॉवर बोर्डावर भाजलेली पाल दर पावसाळ्यात दोन-तीन तरी काढतो. 2021 च्या 22 जुलैच्या पुरानंतर तर चिखलाने भरलेले टीव्ही आले होते, त्यांचं काही करता आलं नाही. पण पालीचं मात्र ट्यूबलाईट हलवून टळतं.

तर माझा हिशोब असा. बॅटरीत चित्र दिसलं तर साडेतीन हजारांच्या आत पट्ट्या बदला, दोन-तीन हजार स्टॅबिलायझर आणि अर्थिंगला घाला, उरलेले बँकेत राहू द्या. नाही दिसलं तर 22 हजारांच्या आत, चिपळुणात सर्व्हिस असलेल्या कंपनीचा 43 इंची घ्या. जुना टीव्ही भंगारवाल्याला देण्याआधी मेकॅनिकला दाखवा. चांगले बोर्ड आम्ही काढून घेतो, हजार-पाचशे येतात.

वडिलांनी बॅटरी मारली की काय दिसलं ते कळवा, आणि टीव्हीच्या मागच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. पट्ट्या मागवताना त्यावरचा मॉडेल नंबर लागतो.